यंत्र ६४ बिटचे असूनही २०४० ऐवजी १९०३ का दिसते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्व्हर नवा, त्यावरचे लिनक्सही ६४ बिटचे. उपकरणांच्या हमीची मुदत ‘१ जानेवारी २०४०’ अशी भरली की भरतानाच्या स्क्रीनवर ती बरोबर दिसते, पण अहवालात मात्र ‘२५ नोव्हेंबर १९०३’ अशी छापली जाते. सहकारी म्हणतात की ६४ बिटच्या यंत्रावर २०३८ चा प्रश्न (त्या वर्षी ३२ बिटची काळमोजणी भरून जाते तो) शिल्लकच राहत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टीम काळ साठवते तरी कशी आणि तिची खरी मर्यादा कोणती?

सहकाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. तारखेची मर्यादा ही यंत्राची किंवा ऑपरेटिंग सिस्टीमची एकच एक मर्यादा नसते. काळ जिथे जिथे लिहून ठेवला जातो किंवा एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे दिला जातो, त्या प्रत्येक जागेला स्वतःची मर्यादा असते, आणि संपूर्ण व्यवस्थेची मर्यादा त्यांतल्या सर्वांत अरुंद जागेने ठरते. त्यामुळे खरा प्रश्न ‘माझी सिस्टीम किती बिटची आहे’ हा नसून ‘ही तारीख कोणकोणत्या जागांतून प्रवास करते आणि त्यांतली कोणती जागा ३२ बिटची आहे’ हा आहे. तुमचा अहवाल कोणत्या भाषेत लिहिला आहे आणि डेटाबेस कोणता आहे हे प्रश्नात दिलेले नाही. त्यामुळे नेमकी ओळ दाखवणे शक्य नाही. तरीही १९०३ ही चुकीची तारीखच बरेच काही सांगून जाते.

आधी साठवणुकीची पद्धत पाहू. संगणक बंद असताना मदरबोर्डवरचे एक छोटे घड्याळ बॅटरीवर चालू राहते. ते बहुधा वर्ष, महिना, दिवस, तास असे वेगवेगळे आकडे ठेवते, आणि त्यांतल्या अनेकांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक असतात. संगणक सुरू होताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हे आकडे एकदा वाचतो, त्यांचे एका सलग संख्येत रूपांतर करतो आणि त्यानंतर प्रोसेसरमधल्या टायमरच्या आधारे ती संख्या स्वतः वाढवत राहतो. म्हणजे चालू संगणकाच्या दृष्टीने ‘आत्ताची वेळ’ म्हणजे ठरलेल्या एका क्षणापासून आजवर झालेली मोजणी. महिना, वार, टाइम झोन या सगळ्या गोष्टी नंतर, माणसाला दाखवताना, त्या मोजणीतून काढल्या जातात.

अशा कोणत्याही मोजणीबद्दल मी चार गोष्टी विचारतो : मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू होते, एकक कोणते आहे, संख्या किती बिटची (म्हणजे किती द्विमान अंकांची) आहे, आणि तिला उणे चिन्ह चालते की नाही. एवढी माहिती मिळाली की मर्यादा कागदावर काढता येते. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या सिस्टीम १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात. तो क्षण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचा धरतात. चिन्ह असलेल्या ३२ बिटच्या संख्येत जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ मावतात, म्हणून ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला संख्या उलटून सर्वांत मोठ्या उणे आकड्यावर जाते, आणि तो आकडा म्हणजे १३ डिसेंबर १९०१. तीच संख्या चिन्हरहित धरली तर मर्यादा ७ फेब्रुवारी २१०६ पर्यंत सरकते, पण १९७० पूर्वीच्या तारखा हातच्या जातात. ६४ बिट घेतले तर मर्यादा सुमारे २९२ अब्ज वर्षांवर जाते.

एककाची निवडही तितकीच महत्त्वाची असते. युनिक्सच्या १९७१ मधल्या पहिल्या आवृत्तीत सेकंदाचा साठावा भाग हे एकक होते आणि मोजणी १ जानेवारी १९७१ पासून होती. त्या एककात ३२ बिट अवघ्या सव्वादोन वर्षांत भरतात. म्हणून पुढे एकक बदलून पूर्ण सेकंद केले गेले आणि मुदत दशकांवर गेली. विंडोजने वेगळा मार्ग धरला : १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या एककात ६४ बिटची मोजणी. १६०१ हे वर्ष मनमानी नाही. ग्रेगोरियन पंचांगाचे लीप वर्षांचे चक्र ४०० वर्षांचे असते आणि १६०१ पासून त्याचे एक नवे चक्र सुरू होते, त्यामुळे हिशेब सोपा होतो. चिन्हासह धरल्यास ही मोजणी ३०८२८ सालापर्यंत पुरते. उलट, ६४ बिट मिळाले म्हणून काळ नॅनोसेकंदांत मोजायला घेतला आणि सुरुवात १९७० ठेवली, तर चिन्हासहित मोजणी २२६२ मध्येच संपते. म्हणूनच केवळ ‘६४ बिट’ या शब्दांवर निर्धास्त होऊ नये, एकक विचारून घ्यावे.

आता तुमच्या १९०३ कडे वळू. १ जानेवारी २०४० च्या मध्यरात्रीपर्यंतचे सेकंद २,२०८,९८८,८०० होतात. हा आकडा ३२ बिटच्या चिन्हासहित जागेत मावत नाही. तो जबरदस्तीने तिथे कोंबला, तर त्यातून ४,२९४,९६७,२९६ वजा होतात आणि उणे २,०८५,९७८,४९६ उरतात. १९७० पासून तेवढे सेकंद मागे गेल्यावर २५ नोव्हेंबर १९०३ ची संध्याकाळ येते. तुमच्या अहवालात नेमकी तीच तारीख आहे, म्हणून इथे शंकेला जागा नाही : तुमची तारीख वाटेत कुठेतरी ३२ बिटच्या चलात (प्रोग्राममधल्या किंमत ठेवण्याच्या जागेत) टाकली जाते आणि टाकताना कोणी तपासणी करत नाही.

चुकीच्या तारखेवरून दोष कुठे आहे हे ओळखण्याची सवय प्रत्येक प्रोग्रामरने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण तिने शोधाचे कित्येक तास वाचतात. तारीख सुमारे १३६ वर्षे मागे गेली असेल, तर ३२ बिटची संख्या उलटली आहे. तारीख बरोबर १९ जानेवारी २०३८ वर अडकून बसली असेल, तर संख्या उलटलेली नसून कोणीतरी ती कमाल मर्यादेवर कापली आहे; कडक तपासणी बंद असलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या पूर्णांक रकान्यात हे घडते. १ जानेवारी १९७० दिसली तर किंमत शून्य आहे, म्हणजे बहुधा ती कधी भरलीच गेलेली नाही. ३१ डिसेंबर १९६९ च्या रात्रीचा शेवटचा सेकंद दिसला तर किंमत उणे एक आहे; सी भाषेतली अनेक फंक्शन्स चूक झाली की उणे एक परत देतात, आणि ती चूक न तपासता कोणी तिची तारीख करून छापली आहे. १६०१ दिसले तर विंडोजच्या मोजणीतले शून्य. १ जानेवारी १९८० दिसली तर जुन्या डॉसच्या पद्धतीतली सुरुवात, म्हणजे बहुधा फॅट या जुन्या फाइल सिस्टीमचा (डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतीचा) ड्राइव्ह किंवा झिप फाइल. १ जानेवारी १९०४ दिसली तर जुन्या मॅकिंटॉशची मोजणी. आणि तारीख १९ वर्षे साडेसात महिने मागे गेली असेल, तर जीपीएस रिसीव्हर तपासावा, कारण जीपीएसच्या संदेशातला आठवड्याचा क्रमांक मुळात १० बिटचा आहे आणि दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये झाले, पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. (टाइम झोनमुळे या तारखा काही तास इकडेतिकडे सरकलेल्या दिसू शकतात, तेवढे ध्यानात ठेवावे.)

याच तर्काने डेटाबेस हा तुमच्या बाबतीत माझा पहिला संशयित नाही. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प प्रकार २०३८ पलीकडची किंमत स्वीकारतच नाही : तो त्रुटी देतो, किंवा तपासणी सैल असेल तर शून्यांनी भरलेली तारीख ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा पूर्णांक रकाना अशी किंमत सरळ नाकारतो. मुकाट्याने उलटणे ही प्रोग्राममधल्या चलाची खूण आहे. अहवाल तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये सेकंदांची संख्या साध्या ‘इंट’ (पूर्णांक) चलात घेतली जात असावी, किंवा मधली एखादी फाइल ३२ बिटच्या ठरावीक रचनेत लिहिली जात असावी. सी भाषेत ६४ बिटच्या यंत्रावरही ‘इंट’ सामान्यतः ३२ बिटचाच राहतो. ‘टाइम_टी’ हा काळ ठेवण्याचा प्रकार मात्र तिथे ६४ बिटचा असतो. या दोहोंमधली एकच नेमणूक (एकाची किंमत दुसऱ्यात टाकणे) तुमचे लक्षण निर्माण करायला पुरेशी आहे. भरतानाची स्क्रीन बरोबर तारीख दाखवते, याचा अर्थ तो मार्ग या अरुंद जागेतून जात नाही. म्हणजे शोध फक्त अहवालाच्या मार्गावर घ्यायचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाजूचे चित्र आता बरेच चांगले आहे, पण ते थरांत समजून घ्यावे लागते. ६४ बिटच्या लिनक्समध्ये कर्नल आणि मूळ लायब्ररी यांचा काळ पहिल्यापासून ६४ बिटचा आहे. ३२ बिटच्या यंत्रांसाठी कर्नलमधले काम २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत पूर्णत्वाला आले. कर्नलच्या वरची जीलिबसी ही लायब्ररी २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीपासून ३२ बिटच्या प्रोग्रामना ६४ बिटचा काळ वापरू देते, पण तो पर्याय कंपाइल करताना (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवताना) मुद्दाम निवडावा लागतो. जुना तयार प्रोग्राम नव्या कर्नलवर ठेवला म्हणून आपोआप सुधारत नाही, कारण त्याच्या आत चलांच्या रुंदी आधीच पक्क्या झालेल्या असतात. शिवाय ज्या दोन लायब्ररी एकमेकींना काळ असलेली रचना देतात, त्या दोन्ही एकाच रुंदीने कंपाइल झालेल्या असाव्या लागतात, म्हणून हा बदल तुकड्यातुकड्याने करता येत नाही. ओपनबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टीमने २०१४ मध्ये ५.५ या आवृत्तीत सर्वच यंत्रांसाठी एकदम ६४ बिट स्वीकारून जुन्या प्रोग्रामांशी असलेली सुसंगती सोडून दिली. माझ्या मते तो निर्णय धाडसी आणि योग्य होता, पण ज्यांच्याकडे मूळ कोड नसलेले प्रोग्राम चालू आहेत त्यांना तो मार्ग परवडत नाही, हेही खरे आहे.

६४ बिटच्या लिनक्सवरही ३२ बिटचे अवशेष आहेत. कोण केव्हा लॉगिन झाले याच्या पारंपरिक नोंदींची फाइल हे त्याचे उत्तम उदाहरण : ३२ आणि ६४ बिटच्या प्रोग्रामना तीच फाइल वाचता यावी म्हणून प्रचलित इंटेल यंत्रांवर तिच्यातला वेळेचा रकाना ३२ बिटचाच ठेवला गेला.

डिस्कवरच्या मर्यादा तर कर्नलपेक्षा जास्त टिकाऊ असतात, कारण कर्नल बदलला तरी डिस्क तीच राहते. लिनक्सच्या एक्स्ट३ फाइल सिस्टीममधला फाइलचा वेळ ३२ बिटचा आहे. तिच्यानंतरच्या एक्स्ट४ मध्ये प्रत्येक फाइलच्या आयनोडला (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीला) २५६ बाइट दिले असतील, तर अतिरिक्त जागेतले ३० बिट नॅनोसेकंदांसाठी आणि २ बिट सेकंदांच्या विस्तारासाठी वापरले जातात आणि मर्यादा २४४६ पर्यंत जाते. पण आयनोड १२८ बाइटचे असतील तर त्याच एक्स्ट४ ची मर्यादा २०३८ राहते, आणि पूर्वी लहान आकाराच्या विभाजनांवर असेच आयनोड तयार होत असत. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमला २०२० मधल्या ५.१० कर्नलपासून ‘बिगटाइम’ नावाची सोय मिळाली आणि तिची मर्यादा २४८६ झाली. ती सोय सुरू नसेल तर तिथेही २०३८ च. लिनक्स अशी अरुंद फाइल सिस्टीम जोडताना तिच्या कालमर्यादेची सूचना कर्नलच्या लॉगमध्ये लिहितो. ती सूचना बहुतेक जण वाचत नाहीत. तुम्ही आजच शोधून पाहा.

फॅटची पद्धत अगदीच निराळी आहे. तिथे सलग मोजणी नाही : वर्षासाठी ७ बिट, महिन्यासाठी ४ आणि दिवसासाठी ५ अशी विभागणी आहे. वर्ष १९८० पासून मोजले जाते, म्हणून मर्यादा २१०७. सेकंदांसाठी ५ च बिट उरल्यामुळे वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते. शिवाय ती स्थानिक वेळ असते आणि टाइम झोन कुठेच लिहिलेला नसतो, त्यामुळे ड्राइव्ह दुसऱ्या टाइम झोनमधल्या संगणकाला लावली की तीच नोंद वेगळ्या क्षणाची ठरते. बॅकअपचा प्रोग्राम ‘सगळ्याच फाइल बदलल्या आहेत’ असे सांगू लागतो तेव्हा बरेचदा कारण हेच असते.

नेटवर्कवर काळ जुळवणाऱ्या एनटीपीची मोजणी १ जानेवारी १९०० पासून चिन्हरहित ३२ बिटच्या सेकंदांत होते, आणि ती २०३८ च्याही आधी, ७ फेब्रुवारी २०३६ रोजी उलटते. याने घाबरण्याचे कारण नाही, कारण ही मोजणी युगांमध्ये विभागलेली आहे, आणि संगणकाला आपली वेळ ६८ वर्षांच्या आत माहीत असेल तर तो योग्य युग ओळखतो. अडचण येईल ती बॅटरी नसलेल्या लहान उपकरणांना, जी सुरू होताना काहीच न जाणता १९७० पासून आरंभ करतात. अशा उपकरणात प्रोग्राम तयार झाल्याची तारीख किमान मर्यादा म्हणून ठेवावी.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या मनात असणारा दुसरा समज : ‘२०३८ ला अजून अवकाश आहे.’ मोजणी त्या दिवशी भरेल, पण दोष भविष्यातली तारीख हिशेबात आली की त्याच क्षणी दिसतो, जसा तुम्हाला आज दिसला. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर या वेब सर्व्हरमध्ये हेच घडले. ‘कधीच मुदत संपू नये’ या हेतूने तिथे एक अब्ज सेकंदांची मुदत दिलेली होती, आणि आजची वेळ अधिक एक अब्ज सेकंद ही बेरीज त्या महिन्यात २०३८ च्या पलीकडे गेली. दोन वेळांची सरासरी काढताना आधी बेरीज करणारे प्रोग्राम तर १० जानेवारी २००४ पासूनच धोक्यात होते, कारण त्या दिवशी सेकंदांची संख्या मर्यादेच्या निम्म्यावर पोचली. ज्या व्यवसायात वीस-तीस वर्षांच्या मुदती असतात, तिथे हा प्रश्न भविष्यकाळातला नाही.

करायचे काय, हे तुमच्याकडे मूळ कोड आहे की नाही यावर अवलंबून आहे. कोड असेल तर अहवालाच्या मार्गावरील प्रत्येक चल, रकाना आणि मधल्या फाइलची रचना शोधून रुंदी लिहून काढा. कंपायलरला रुंदी कमी करणाऱ्या नेमणुकांबद्दल सूचना द्यायला सांगा. त्याने बरीच ठिकाणे एकदम सापडतील. कोड नसेल, तर त्या प्रोग्रामला सेकंद न देता तारीख मजकूर म्हणून देता येते का ते पाहा. आणि एक गोष्ट मी तुमच्या जागी असतो तर नक्की केली असती : हमीची मुदत सेकंदांत साठवलीच नसती. हमीची तारीख हा काळातला क्षण नसून पंचांगातला दिवस आहे. तो दिवस डेटाबेसच्या निव्वळ तारखेच्या प्रकारात ठेवला, तर टाइम झोनचे नियम पुढे बदलले तरी तो दिवस तोच राहतो, आणि २०३८ चा प्रश्नही त्या रकान्यापुरता उरत नाही. सेकंदांची मोजणी लॉगसाठी, घडून गेलेल्या घटनांसाठी ठेवावी.

चाचणी घेताना चालू सर्व्हरचे घड्याळ पुढे करू नका. त्याने प्रमाणपत्रांची मुदत संपते, ठरलेली कामे भलत्याच वेळी सुरू होतात, आणि भविष्यातल्या तारखेच्या फाइल डिस्कवर राहून जातात. वेगळी व्हर्च्युअल मशीन घ्या, तिची वेळ जुळवणारी सेवा बंद करा, आणि १९ जानेवारी २०३८ च्या काही मिनिटे आधीपासून पुढे असा प्रवास घडवा. केवळ २०४० वर उडी मारून पाहणे पुरेसे नसते, कारण काही दोष मर्यादा ओलांडतानाच दिसतात, विशेषतः थांबून वाट पाहणाऱ्या प्रोग्रामांत. किती वेळ गेला हे मोजण्यासाठी मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखी मागेपुढे होणारी वेळ कधीच वापरू नये. त्यासाठी कर्नल कधीही मागे न जाणारी स्वतंत्र मोजणी देतो. तिच्याही जुन्या ३२ बिटच्या रूपांना मर्यादा आहे : मिलिसेकंदांत मोजल्यास ती सुमारे ४९.७ दिवसांत उलटते. लिनक्सच्या कर्नलने आपली टिकटिक मोजणारी संख्या उलटण्याच्या पाच मिनिटे आधीच्या किमतीवर सुरू करण्याची पद्धत ठेवली आहे, म्हणजे उलटण्याचे दोष संगणक सुरू झाल्यावर लगेच उघड व्हावेत. मला ही कल्पना फार आवडते आणि स्वतःच्या मोजण्यांनाही ती लावावी असे मी सांगत असतो.

राहिला प्रश्न आधीच बिघडलेल्या नोंदींचा. मधल्या फाइलमध्ये उणे आकडे साठले असतील तर ते वाया गेलेले नाहीत : हमीची मुदत १९७० पूर्वीची असूच शकत नाही, म्हणून प्रत्येक उणे आकड्यात ४,२९४,९६७,२९६ मिळवले की मूळ तारीख परत मिळते. त्याआधी उणे एक ही किंमत चूक दर्शवण्यासाठी वापरलेली नाही ना, ते पाहून अशा नोंदी बाजूला काढा. हे काम रकाना ६४ बिटचा करण्याच्या वेळीच करावे लागते, कारण रुंदी वाढवताना डेटाबेस उणे आकडा उणे म्हणूनच पुढे नेतो. नंतर नव्या आणि जुन्या नोंदी मिसळल्या की दुरुस्त केलेल्या कोणत्या आणि राहिलेल्या कोणत्या हे शोधणे अवघड होते. ज्या नोंदी मात्र १९ जानेवारी २०३८ वर कापल्या गेल्या असतील, त्यांची मूळ तारीख त्या आकड्यातून परत मिळत नाही. त्या मूळ कागदपत्रांवरूनच पुन्हा भराव्या लागतील, म्हणून अशा नोंदींची यादी सर्वांत आधी काढा.